गाडीच्या रंगावरच्या गोल रेघा काढायच्या आहेत? या चुका टाळा

गडद रंगाची गाडी सावलीत उभी असली की नवीकोरी वाटते. तीच गाडी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर लावा, नाहीतर रात्री पेट्रोल पंपाच्या एलईडी दिव्याखाली न्या. बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळंच वर्तुळं दिसायला लागतात. हेच ते स्वर्ल मार्क. काळ्या, गर्द निळ्या आणि तपकिरी गाड्यांवर ते लगेच डोळ्यांत भरतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही तेवढेच असतात, फक्त दिसत नाहीत.

मुळात या रेघा गोल नसतात. क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, सगळ्या दिशांनी आडवेतिडवे केसासारखे चरे पडलेले असतात. दिव्याच्या उजेडाला आडव्या असलेल्या चऱ्यांच्या कडाच तेवढ्या चमकतात, म्हणून दिव्याभोवती कडं पडल्यासारखं दिसतं. मोबाईलचा टॉर्च बॉनेटवरून हळूहळू सरकवून बघा, कडंही त्याच्याबरोबर सरकतं. हे नीट कळलं नाही की पहिली चूक तिथेच होते. माणूस गोल हात फिरवणं सोडतो आणि तेच मळकं फडकं सरळ रेषेत ओढायला लागतो. चरा हाताच्या दिशेने पडत नाही, फडक्यातल्या कणाने पडतो.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे जाडी. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअर कोट असतो ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर आपण पॉलिशचं मशीन फिरवणार आहोत, तो केसापेक्षाही पातळ आहे. पॉलिश चरा भरून काढत नाही. सहाणेवर चंदन उगाळावं तसा चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट थोडा झिजवतं आणि पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतं. झिजलेलं परत येत नाही. उन्हातले अतिनील किरण अडवणारे घटकही याच थरात असतात. तो फार पातळ झाला की गोव्यातलं मार्च ते मेचं ऊन टपावर आणि बॉनेटवर आधी परिणाम दाखवतं.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच, की काम निभेल इतकंच झिजवा आणि झिजवायची वेळच कमी येईल अशी गाडी धुवा.

मशीन येण्याआधीच होणारी चूक

गोव्यात धुळीचे प्रकार तरी किती! सत्तरी, डिचोली, सांगेच्या आतल्या रस्त्यांवर जांभ्याची लाल माती. खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्यांवर लोहखनिजाची भुकटी. किनाऱ्याकडे वाळू. हमरस्त्याचं काम चालू असेल तिथे सिमेंट आणि खडीची पूड. वाळूतलं क्वार्ट्झ टणकपणाच्या मोह मापावर ७ भरतं आणि काचेवरही ओरखडा काढतं. लोहखनिजातलं हेमॅटाइट साडेपाच ते साडेसहा. क्लिअर कोट यांच्यापुढे अगदीच मऊ. असे कण रंगावर बसलेले असताना कोरडं फडकं फिरवलं की ते फडक्याखाली घासत जातात आणि आपण गाडी ‘पुसून चकचकीत’ केली असं समजतो.

पणजी, पर्वरी, मडगाव, वास्कोच्या इमारतींमधून भल्या पहाटे एक माणूस सगळ्या गाड्या पुसून जातो. त्याच्याकडे एक बालदी, एक फडकं आणि दहा-पंधरा गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत बालदीतलं पाणी चहासारखं लाल झालेलं असतं. दोष त्या माणसाचा नाही. एवढ्या वेळात आणि एवढ्या पाण्यात तो दुसरं काय करणार? त्याला महिन्याचे तेवढेच पैसे द्या आणि सांगा की रोज फक्त काचा आणि आरसे पूस, आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धू. स्वर्ल कमी करायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

धुण्याची पद्धत साधी आहे, फक्त क्रम मोडायचा नाही. गाडी सावलीत लावून बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबा. मग नळीने वरून खाली भरपूर पाणी मारून सुटी माती घालवा. त्यावर फेस किंवा पातळ केलेला शाम्पू मारून चार-पाच मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. पुन्हा पाणी. हात लावायचा तो त्यानंतर. दोन बालद्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्याच्या बालदीत खळबळून पुन्हा शाम्पूत. बालदीच्या तळाला जाळी टाकली तर माती तिच्याखाली बसते आणि हातमोज्याला परत लागत नाही. दरवाजांचा खालचा पट्टा आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण चाकांनी उडवलेली वाळू तिथेच असते. चाकांचं फडकं आणि बालदी वेगळी. सपाट स्पंज टाळाच, कारण कणाला आत शिरायला जागाच नसते, तो स्पंज आणि रंग यांच्यामध्ये दाबला जातो.

पुसताना घासू नका. मऊ, जाड मायक्रोफायबर टॉवेल ओल्या बॉनेटवर पसरा, वरून हलकं थोपटा, उचला. हे टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुवू नका आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका, त्याने टॉवेल पाणी शोषेनासा होतो. वाळल्यावर पिशवीत घालून ठेवा. अंगणात दोरीवर दिवसभर टांगलेल्या टॉवेलमध्ये अंगणातली माती बसतेच. आणि टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद, झटकून परत वापरायचा नाही.

किनाऱ्यालगतच्या काही विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी येतं. तसं असेल तर शेवटचं पाणी नळाचं मारा, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि ते खरवडताना पुन्हा चरे पडतात.

पावसाळ्यात गाडी आपोआप धुतली जाते, असं बरेच जण म्हणतात. पाऊस वरची धूळ नेतो, पण डिझेलच्या धुराचा आणि रस्त्याच्या चिखलाचा चिकट थर तसाच राहतो. पाऊस थांबला की लोक ओल्या गाडीवरून हात नाहीतर फडकं फिरवतात, आणि चतुर्थीपर्यंत बॉनेटची दशा होते. मळलेल्या गाडीवर घातलेलं कव्हरही असंच. वारा सुटला की ते दिवसभर आतून घासत राहतं. कव्हर घालायचं तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवर, नाहीतर न घातलेलं बरं.

दसऱ्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. पूजेला गाडीच्या बॉनेटवर हळद-कुंकवाचा स्वस्तिक, वर अक्षता, समोर झेंडूची माळ. पूजा मनोभावे करा, पण दुसऱ्या दिवशी ते सगळं कोरड्या फडक्याने पुसू नका. अक्षता आणि वाळलेलं कुंकू दोन्ही रंगावर घासतात, आणि हळद रेंगाळली तर पांढऱ्या गाडीवर पिवळट छटा ठेवते. आधी पाणी, मग शाम्पू. स्वस्तिक काचेवर किंवा नंबरप्लेटजवळ काढला तर प्रश्नच मिटतो. माळ बांधून गाडी चालवू नका. दोरा वाऱ्याने बॉनेटवर आपटत राहतो आणि तेवढ्याच भागात रेघांचा पट्टा उमटतो. शिगम्याच्या गुलालालाही हाच नियम, कोरडा असताना हात लावायचा नाही.

चरा किती खोल आहे ते न बघता मशीन लावणं

प्रत्येक रेघ पॉलिशने जात नाही. दोन सोप्या चाचण्या आधी करा. चऱ्यावरून नख आडवं, अलगद फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे, पॉलिशने त्याच्या कडा मऊ होतील, तो फिका दिसेल, पण पूर्ण जाणार नाही. दुसरी चाचणी पाण्याची. चरा ओला केल्यावर दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि आशा आहे. ओला करूनही पांढरा किंवा राखाडी दिसत राहिला तर तो प्रायमरपर्यंत गेलाय, तिथे टच-अप रंगच लागेल. पत्रा दिसत असेल तर टच-अप लगेच करा. खाऱ्या हवेत उघडा पत्रा गंजायला वेळ लागत नाही.

चऱ्याचा आकारही बरंच सांगतो. दिवाडी-चोडणच्या फेरीबोटीत गाड्या दाटीवाटीने लागतात, शेजारून जाणाऱ्याच्या बॅगेची चेन किंवा दुचाकीचा हँडल लागतो. असा चरा एकटा, खोल आणि एका जागी असतो. पेडणे-सत्तरीतल्या वाड्यांवरच्या अरुंद रस्त्यांवर दोन्ही बाजूंच्या झुडपांनी दरवाजांवर लांबच लांब आडव्या रेघा पडतात. त्या बऱ्याचदा उथळ असतात आणि चांगल्या निघतात. स्वर्ल मात्र सगळीकडे सारखे पसरलेले असतात. या तिघांना एकच उपाय लावला की एकट्या खोल चऱ्याच्या मागे लागून आख्खा दरवाजा झिजवला जातो. तो एक चरा थोडा राहू द्यावा, हेच शहाणपण.

टपावर किंवा बॉनेटवर पांढरट, पापुद्रा सुटल्यासारखे चट्टे असतील तर तो क्लिअर कोट मेलेला आहे. त्यावर पॉलिश करण्यात अर्थ नाही, तो भाग परत रंगवावा लागतो. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश लावूच नका, जिथे लावाल तिथे चकाकी येते आणि तो डाग कायमचा राहतो.

डेंटिंग-पेंटिंग करून घेतलेले भाग वेगळे धरा. तिथला क्लिअर कोट बहुधा कारखान्यातल्यापेक्षा मऊ असतो. रंग ताजा असेल तर पूर्ण सुकायला वेळ द्या, किती ते रंगवणाऱ्यालाच विचारा. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने किती वेळा रबिंग, म्हणजे घासून पॉलिश, केलंय ते कळायला मार्ग नसतो. अशा गाडीवर काम करण्याआधी पेंट थिकनेस गेजने जाडी मोजून घ्या. एकाच गाडीवर इतर भाग १२० मायक्रॉन आणि एक दरवाजा २५० दाखवत असेल तर तो परत रंगवलेला आहे. ८०च्या खाली आकडा दिसला तर मी तिथे मशीन लावणार नाही. साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, तिथे अंदाजानेच, हलक्या हाताने काम करायचं.

धुतली म्हणजे स्वच्छ झाली असं धरून चालणं

हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. रवाळ लागलं तर रंगात कण रुतलेले आहेत, ब्रेकची लोखंडी धूळ, डांबराचे थेंब, झाडांचा चीक. थिवी किंवा मडगाव स्टेशनबाहेर रोज गाडी लावणाऱ्यांना रेल्वेच्या ब्रेकची धूळही मिळते. हे कण तसेच ठेवून मशीन लावलं तर ते सुटून मशीनच्या पॅडमध्ये अडकतात आणि पॅडच चरे काढायला लागतं.

आधी आयर्न रिमूव्हर मारा. लोखंडाच्या कणांपाशी तो जांभळा होतो. वाळायच्या आत धुवा. डांबराला टार रिमूव्हर. त्यानंतरही रवाळ लागलं तरच क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, तीही भरपूर लुब्रिकंट (बुळबुळीत द्रव) मारून, दाब न देता. क्ले दर थोड्या वेळाने घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. खाली पडलेला क्ले कितीही महाग असला तरी फेकायचा. क्लेने स्वतःच्याही थोड्या रेघा पडतात, म्हणून पॉलिश करायचं नसेल तेव्हा क्ले करत बसू नका.

सगळ्यात जोरकस कंपाउंडने सुरुवात

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. आपल्याकडे ‘रबिंग’ म्हटलं की गॅरेजमध्ये जाड दाण्याचं कंपाउंड, म्हणजे जोरात झिजवणारं पॉलिश, आणि लोकरीचं पॅड काढलं जातं, गाडीला गरज असो वा नसो. अर्ध्या तासात बॉनेट आरशासारखं होतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण जे काम १ ते ३ मायक्रॉनमध्ये झालं असतं, त्यासाठी कितीतरी जास्त थर गेलेला असतो. असं दरवर्षी सर्व्हिसिंगबरोबर केलं की पाच-सहा वर्षांत क्लिअर कोटमध्ये झिजवण्यासारखं फारसं उरत नाही.

बरोबर पद्धत म्हणजे टेस्ट स्पॉट. बॉनेटवर हातभर लांब, हातभर रुंद चौकोन टेपने आखा. सगळ्यात सौम्य जोडीने सुरू करा, फिनिशिंग किंवा मध्यम पॉलिश आणि मऊ फोम पॅड. आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे मारा, पुसा, टॉर्च लावून बघा. रेघा राहिल्या तर आधी पॅड बदला, एक पायरी कडक घ्या, पॉलिश तेच ठेवा. तरीही राहिल्या तर मग पॉलिशची पायरी वाढवा. रेघा पुरेशा गेल्या तिथे थांबायचं. तीच जोडी बाकी गाडीला लावायची.

‘पुरेशा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. रोज वापरातल्या गाडीवर सत्तर-ऐंशी टक्के रेघा गेल्या की डोळ्यांना रंग नवा वाटतो. उरलेल्या वीस-तीस टक्क्यांसाठी दुप्पट झिजवावं लागतं, आणि पुढच्या वर्षी नव्या पडणारच आहेत. शोसाठी ठेवलेली गाडी आणि रोज म्हापसा-पणजी करणारी गाडी यांना एकच माप लावू नये.

गाडीगणिक क्लिअर कोटचा टणकपणा वेगळा असतो. एकीवर मऊ पॅडने एका झटक्यात काम होतं, दुसरीवर तीच जोडी काहीच करत नाही. म्हणून मित्राच्या गाडीला काय लावलं हे विचारून उपयोग नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ‘मीडियम’ कंपाउंडची धारही सारखी नसते. बाटलीवरच्या शब्दापेक्षा टेस्ट स्पॉटवर विश्वास ठेवा.

मशीन हातात आल्यावर

घरी करणार असाल तर डीए (ड्युअल ॲक्शन) पॉलिशर घ्या. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी कक्षेतही फिरतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. रोटरी मशीनचं पॅड एकाच अक्षावर फिरतं. कसबी माणसाच्या हातात ते जलद काम करतं, नवख्याच्या हातात कडेला रंगच जाळतं. उन्हात गाडी फिरवल्यावर धुरकट, लाटेसारखे पट्टे हलताना दिसले तर ती रोटरीची खूण, त्याला होलोग्राम म्हणतात. ते चरेच असतात, मशीनने पाडलेले. डीए, मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने बहुधा निघतात.

सुरू करण्याआधी बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिला चिकटतं त्या चकतीच्या, कडेला मार्करने एक रेघ मारा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दाब जास्त झाला किंवा पॅड वळणावर तिरकं लागलं की डीएचं फिरणं थांबतं, नुसती थरथर राहते. मग माणूस अर्धा तास मशीन धरून बसतो आणि रेघा जागच्या जागी. ‘माझ्या मशीनने काहीच होत नाही’ अशी तक्रार ऐकली की मी आधी ही रेघ मारायला सांगतो.

पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. हात हळू, सेकंदाला इंच-दीड इंच, प्रत्येक फेरा आधीच्यावर अर्धा चढलेला. फर्निचर पुसल्यासारखा भरभर हात फिरवला तर दाण्यांना काम करायला वेळच मिळत नाही. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा. एका पॅडवर आख्खी गाडी करायची नाही, किमान चार-पाच पॅड हाताशी हवेत. पॉलिश आणि झिजलेल्या क्लिअर कोटने भरलेलं पॅड कापत नाही, नुसतं सारवतं.

कडा, दरवाजावरच्या उठावाच्या रेषा आणि हँडलजवळचा भाग यांवर रंग मुळातच पातळ बसतो. तिथे टेप लावा किंवा मशीन कडेपासून आत ठेवा. प्लास्टिकचा बंपर उष्णता पसरवत नाही, तो लवकर तापतो. मधून मधून हाताचा पालथा पंजा लावून बघा. चटका बसण्याइतकं गरम झालं असेल तर थांबा.

उन्हात काम करू नका, हे सगळे सांगतात. गोव्यात दमटपणाही तेवढाच आडवा येतो. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की पॉलिश नीट सुकत नाही, चिकट होतं आणि पुसताना ओघळ राहतात. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा, सकाळी लवकर, छपराखाली. पावसात करणं भागच असेल तर पॉलिश कमी घ्या, चौकोन लहान ठेवा आणि एकेक भाग संपला की लगेच पुसा.

काम करताना काही बिघडलं तर कारण बहुधा यातलंच असतं. पॉलिश पांढऱ्या भुकटीसारखं उडायला लागलं, तर भाग गरम आहे किंवा पॉलिश सुकून गेल्यावरही तुम्ही मशीन फिरवताय. रेघा गेल्या पण रंग धुरकट झाला, तर क्लिअर कोट मऊ आहे आणि जोडी त्याला जड पडली, फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिशने पुन्हा एक हात द्या. गोल गिरकीसारखे नवेच ठळक चरे उमटले, तर पॅडमध्ये कण अडकलाय. पॅड लगेच बाजूला ठेवा, तो भाग पुन्हा धुवा, नवं पॅड लावा. पॅडला गाडीचाच रंग लागला तर थांबून विचार करा. जुन्या, साध्या पांढऱ्या-लाल रंगाच्या काही गाड्यांवर क्लिअर कोट नसतोच, तिथे रंग येणं साहजिक आहे. पण मेटॅलिक गाडीच्या पॅडवर रंग आला तर क्लिअर कोट पार झालेला आहे. तिथे मशीन ताबडतोब बंद करा, पुढचा उपाय रंगवणाऱ्याकडेच.

चकाकी बघून भुलणं

गाडी पॉलिश करून आणली, चार दिवस झकास दिसली, दोनदा धुतल्यावर सगळ्या रेघा परत. अशा तक्रारी मी खूप ऐकतो. रेघा परत आलेल्या नसतात, त्या गेलेल्याच नसतात. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं असतात आणि काहींमध्ये चरे भरणारे घटकही. ते चऱ्यात बसले की उजेड विखुरत नाही आणि रेघ लपते. धुण्यात ते निघून जातात.

याची खात्री करायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचं मिश्रण, साधारण १५ ते २० टक्क्यांचं, फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने अलगद पुसा. तेलं निघतात आणि खरा रंग दिसतो. मग टॉर्चने किंवा उन्हात बघा. ट्यूबलाइटच्या मऊ, पसरलेल्या उजेडात स्वर्ल दिसतच नाहीत, म्हणून गॅरेजच्या आत गाडी बघून पैसे देऊ नका, बाहेर उन्हात काढायला सांगा.

पैसे देऊन करून घेणार असाल तर आधी तीन गोष्टी विचारा. आधी टेस्ट स्पॉट करून दाखवणार का? जाडी मोजता का? पॉलिशनंतर अल्कोहोलने पुसून दाखवणार का? जो तिन्हीला हो म्हणतो आणि घाई करत नाही, त्याच्याकडे गाडी द्या, दोन पैसे जास्त घेतले तरी. अख्खी गाडी नीट करायची तर दिवस जातो, कधी दोन. दीड तासात सगळं करून देतो म्हणणाऱ्याकडून नुसतं चकाकीचं लेपन मिळेल, एवढं धरून चला.

घरगुती उपाय

टूथपेस्टमध्ये दाणे असतात, पण ते दातांसाठी ठरवलेले. एखाद्या ओरखड्यावर घासलं तर फरक दिसतो आणि शेजारी धुरकट ठिपका पडतो. खोबरेल तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे चरा तात्पुरता लपवतो, वर धूळ ओढून घेतो. भांड्यांचा साबण वॅक्स उतरवतो, म्हणून रोजच्या धुण्याला नको. स्टीलचा काथ्या आणि किचनचा हिरवा स्क्रबर गाडीच्या जवळही आणू नका. पक्ष्यांची विष्ठा वाळली असेल तर हेच कुणीतरी करतं. त्यापेक्षा ओलं फडकं त्यावर दहा मिनिटं ठेवा, मऊ होऊन सुटते.

कोटिंग म्हणजे चिलखत नव्हे

सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीत ‘९ एच’ लिहिलेलं असतं. हे पेन्सिलीच्या टणकपणाचं माप आहे, खनिजांच्या मोह मापाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे जांभ्याची माती आणि समुद्राची वाळू कोटिंगवरही चरे काढतात. कोटिंगचा फायदा वेगळा आहे. पाणी आणि घाण टिकत नाही, धुणं सोपं होतं, विष्ठा आणि चीक लवकर रुतत नाही. खाऱ्या आणि पावसाळी हवेत हे कमी नाही, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण स्वर्ल न काढता कोटिंग केलं तर ते कोटिंगखाली बंद होतात, आणि पुढे काढायचे म्हटल्यावर कोटिंगही घासून काढावं लागतं. ताज्या कोटिंगला सुरुवातीचा दिवसभर तरी पाणी लागू द्यायचं नसतं आणि पहिले काही दिवस शाम्पूही नको. त्यामुळे हे कामही पाऊस संपल्यावरच. चऱ्यांपासून खरं संरक्षण हवं असेल तर पीपीएफ, म्हणजे पारदर्शक जाड फिल्म. तिचा खर्च बराच जास्त असतो. सगळ्या गाडीला नको असेल तर बॉनेटचा पुढचा भाग, बंपर आणि दरवाजांच्या हँडलमागची वाटी एवढ्याला लावली तरी बरंच काम होतं. त्या वाटीत बघा कधीतरी, नखांच्या आणि अंगठ्यांच्या अर्धगोल रेघांनी भरलेली असते.

एवढं करून मेहनत वाया जाते ती सर्व्हिसिंगला. तिथे ‘वॉश फ्री’ असतं, आणि फ्री वॉशमध्ये कालच्या दहा गाड्यांची माती असलेला स्पंज फिरतो. गाडी देताना जॉब कार्डवर ‘धुवू नये, पुसू नये’ असं लिहून घ्या आणि स्टिअरिंगवर कागद चिकटवा. सुरुवातीला काउंटरवरचे लोक आश्चर्याने बघतात, नंतर तेच दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही विचारायला लागतात. फुकट मिळणारं वार्षिक ‘रबिंग-पॉलिश’ही नको म्हणून सांगा. पॉलिशची वेळ आली की नाही ते टॉर्च लावून तुम्हीच ठरवा. नीट धुतलेल्या गाडीला दोन-तीन वर्षांतून एकदा हलका हात बहुधा पुरतो.